बिनसाखरेची जोडी

"त्या झाडाला साखरेचा आजार होईल हं."

मी इतकी दचकले की कुंडीत ओतायचा चहा माझ्या पांढऱ्या बुटावर पडला. मागे वळून पाहिलं. काळं जाकीट, पांढराशुभ्र शर्ट, मनगटावर घडी घातलेला नॅपकिन आणि गळ्याशी इतका करकचून बांधलेला टाय, की या मुलाला श्वास कुठून मिळतो असा प्रश्न पडावा.

"रोज एक कप घालता वाटतं त्याला?" त्याने विचारलं. "पानं पिवळी का पडतात म्हणून आम्ही उगाच माळीकाकांवर संशय घेत होतो."

"या मशीनमधून नुसता पाक येतो," मी बूट झटकत म्हणाले. "एक घोट घेतला की कळतं, आणि मग तो ओतायला दुसरी जागा नाही."

"जागा नाही म्हणून त्या बिचाऱ्याच्या मुळावर उठायचं?"

तो हसला. मी हसले नाही. खरं म्हणजे हसू आलं होतं, पण तेव्हा मी जगावरच चिडलेली होते.

त्याने खिशातला हात काढला, मशीनची खालची कड चाचपली आणि कुठलंतरी बारीक बटण दाबून धरलं. मग नेहमीचं बटण दाबलं. चहा आला. त्याने कप नॅपकिनवर ठेवून, किंचित झुकून माझ्यापुढे धरला.

"बिनसाखरेचा, मॅडम. हे बटण कोणाला माहीत नाही. दाबून धरावं लागतं, सोडलं की साखर आलीच."

मी घोट घेतला. कडक, कोरा, जिभेला जरा चरचरणारा. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझं म्हणणं वाद न घालता ऐकलं होतं. मला एकदम रडू आलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी विचारलं, "तुम्ही पण असाच पिता?"

"मी? छे! मी यात वरून तीन पुड्या ओततो."

आमचं हॉटेलचं कॉलेज. त्यात दोन जाती — आम्ही पांढऱ्या कोटातले किचनवाले आणि ते काळ्या जाकिटातले डायनिंगवाले. आम्ही त्यांना 'ट्रे' म्हणायचो, ते आम्हाला 'धूर'. या मुलाला सगळे 'टाय' म्हणतात हे मला नंतर कळलं. आणि मला सगळे काय म्हणतात ते त्याला आधीपासूनच ठाऊक होतं.

'फिकी'.

हे नाव मला माझ्याच वर्गाने दिलं होतं. मी पेस्ट्री शिकत होते. म्हणजे केक, टार्ट, पुडिंग, सगळा कारभार साखरेचा. आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मधुमेह अजून झालेला नाहीये, पण काठावर आहेस. वडिलांना आहे ना? मग आत्ताच सावर."

बाबांना होता. आमची छोटीशी बेकरी आहे. बाबा पहाटे भट्टी लावतात आणि दिवसभर गल्ल्यावर बसून बिस्किटांचे तुकडे तोंडात टाकतात, अजूनही, आईची नजर चुकवून. मागच्या सुट्टीत मी घरी होते तेव्हाची गोष्ट. भट्टीतून काढलेला तापलेला ट्रे त्यांच्या पावलावर टेकला होता आणि ते गिऱ्हाइकाशी गप्पा मारत उभेच होते. वास मला आला. त्यांना काहीच कळलं नव्हतं. पायाला जाणीवच राहिलेली नाही.

तो वास मी विसरू शकत नाही. म्हणून मी साखर सोडली. आणि बेकरी मलाच चालवायची आहे, म्हणून पेस्ट्री सोडली नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या, असं मी ठरवलं. लोक म्हणाले, जमणार नाही. लोकांनी तसं म्हटलं की माझ्या अंगात येतं.

पेस्ट्रीत मी चमच्याच्या टोकाएवढं चाखायचे, जिभेवर फिरवायचे आणि सिंकमध्ये थुंकून चूळ भरायचे. वर्गातल्या मुली नाक मुरडायच्या. होस्टेलच्या मेसमध्ये कोणाचाही वाढदिवस असला की माझ्यापुढे केकचा तुकडा नाचवला जायचा. "एक घास गं! एका घासाने काय होतंय?" मी आजवर ऐकलेलं सगळ्यात लबाड वाक्य असेल तर ते हे. तो एक घास कधीच एकटा येत नाही, आपली अख्खी आळी घेऊन येतो. मी काकडी चावत बसायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांचे केस उपटायचे.

आणि मग वार्षिक प्रात्यक्षिकासाठी जोड्या पडल्या.

आमच्याकडची ही पद्धतच आहे. किचनमधला एक, डायनिंगमधला एक. आम्ही करायचं, त्यांनी परीक्षकांना वाढायचं. न चाखलेली ताटली कोणी बाहेर न्यायची नाही, हा आमच्या शेफबाईंचा नियम. वाढणाऱ्याला आपण काय वाढतो ते माहीत हवं. शेफबाई म्हणजे उंच टोपी, बारीक डोळे आणि आवाज असा की ओव्हनने आपणहून तापमान कमी करावं. त्यांनी भांड्यातून चिठ्ठी काढली.

"फिकी... आणि टाय."

पलीकडच्या काळ्या रांगेत तो पुन्हा किंचित झुकला. या खेपेला मला हसू लपवता आलं नाही.

विषय होता सफरचंदाचा टार्ट, म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत वाटीत सफरचंदाचं सारण. ऐकायला सोपा. पण परीक्षेच्या दिवशी कोणती सफरचंदं मिळतील ते सांगत नाहीत. कधी गोड, कधी भुसभुशीत, कधी दात आंबवणारी. साखरेचं माप त्यामुळे कोणालाच पाठ करता येत नाही. शेफबाई म्हणायच्या, "इथे वजनकाटा चालत नाही, जीभ चालते." वर्गातल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवसापासून रोज दुपारी, सगळे जेवायला गेले की, मी आणि टाय पेस्ट्रीच्या ओट्याशी. मी सारण शिजवायचे, तो समोर उभा राहून चमचा पुढे करायचा.

"जाकीट काढून ठेव की. इथे कोण बघतंय?"

"तू बघतेस."

"मी सफरचंदं बघतेय."

"म्हणूनच तर टाय नीट बांधून येतो. सफरचंदांवरून नजर हलली, तर..."

"तर?"

"तर... सारण करपेल," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. मी ढवळत राहिले. पण सारण त्या दिवशी खरंच खाली लागलं.

तो चाखायचा कसा, हे बघण्यासारखं होतं. आधी वास घ्यायचा. मग चमचा तोंडात, डोळे मिटलेले. त्याच्या पापण्या मुलींसारख्या लांब आहेत, हे मला त्या दुपारी कळलं. मग तो गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगायचा. "आधी आंबट येतं, मॅडम. मग लोण्याचा वास. आणि शेवटी गोडी — बेताची, अदबशीर. मला विचाराल तर उत्तम."

"नक्की? साखर अजून नको?"

"छे! अजून घातली तर गोडमिट्ट होईल."

माझ्या जिभेचंही तेच म्हणणं होतं. आमच्या दोघांचं एकमत झालं की मला उगीचच आनंद व्हायचा. सारणावर एकमत झाल्याचा आनंद एवढा मोठा नसतो, हे कळण्याइतकी मी शहाणी होते. पण तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. माझ्याकडे परीक्षा होती, पथ्य होतं, बेकरी होती. प्रेमात पडायला हात मोकळे कुठे होते?

मग सराव परीक्षा झाली.

शेफबाई आणि आणखी दोन शिक्षक बाहेर टेबलावर. टायने माझा टार्ट वाढला. मी दाराच्या गोल काचेतून बघत होते. शेफबाईंनी एक घास घेतला, चावला आणि काटा खाली ठेवला. दुसरा घास घेतलाच नाही. बाकीच्या दोघांनी पाण्याचे ग्लास उचलले.

"पोरी," शेफबाई आत येऊन म्हणाल्या, "सफरचंद छान शिजलंय. पण गोड पदार्थ कुठेय? मी डबा उघडून भाजी खाल्ली असं वाटलं."

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"तू महिनोन् महिने साखर खाल्ली नाहीस. तुझ्या जिभेला चिमूटभर साखर मूठभर वाटते. बाहेरच्या माणसाला नाही वाटत." त्यांचा आवाज उतरला, आणि तेच मला जास्त लागलं. "दोनच मार्ग आहेत. परीक्षेपर्यंत सगळ्यांसारखं गोड खा, जीभ ताळ्यावर येईल. नाहीतर पेस्ट्री सोड आणि गरम किचनला, भाज्या-आमट्यांकडे, जा. तिथे तुझं चांगलं होईल. अंतिम परीक्षेत असंच झालं, तर मलाच तुला पाठवावं लागेल."

माझी जीभ बिघडली, एवढं मी समजू शकत होते. पण त्याची? तो रोज चाखत होता!

मी त्याला भांडी घासायच्या खोलीत गाठलं.

"रोज उत्तम म्हणायचात. उत्तम! अदबशीर! तुम्हा डायनिंगवाल्यांना शिकवतातच हे, नाही का? गिऱ्हाइकापुढे कुठल्याही ताटलीला वाईट म्हणायचं नाही. नुसतं गोड हसायचं. मीही तुमची गिऱ्हाईकच!"

"ऐक तरी... मला खरंच..."

"काय खरंच? दोन शिक्षक वरून पाणी प्यायले! आपण कृपा करून माझ्या टार्टला यापुढे हात लावू नका."

मी त्याला 'आपण' म्हटलं, आणि त्याचा चेहरा असा पडला, जसा मी कानाखाली वाजवली असती तरी पडला नसता. त्याने नॅपकिनची घडी पुन्हा घातली, पुन्हा मोडली आणि तो निघून गेला.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला. मी सगळं सांगितलं, टायचं सोडून.

"मग खा की परीक्षेपुरतं," आई म्हणाली. "एवढं काय मोठं? नंतर पुन्हा बंद कर."

"बाबा पण असंच म्हणायचे ना गं? पाय बधिर होईपर्यंत हेच. सीझनपुरतं, पाहुण्यांपुरतं, आजच्यापुरतं..."

मग आईने फोन बाबांकडे दिला असावा, कारण त्यांचं खाकरणं ऐकू आलं.

"माझ्या पायाचं ड्रेसिंग आज बदललं," बाबा म्हणाले. "बरं आहे." पुन्हा खाकरले. "तू नको खाऊस बाळा. बेकरीचं बघू आपण काय ते."

मी फोन ठेवला आणि पोटभर रडून घेतलं. मग तोंड धुतलं. आरशातल्या मुलीला सांगितलं, साखर खायची नाही आणि पेस्ट्रीही सोडायची नाही. तिसरा मार्ग नसेल तर खणून काढायचा. ती मुलगी सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती, पण तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला गेले, तर मशीनपाशी टाय. पाठमोरा. मी परत फिरणार होते. पण तो खाली वाकलेला दिसला. डाव्या हाताने मशीनच्या कडेला ते बारीक बटण दाबून धरलेलं. चहा भरेपर्यंत त्याने ते सोडलं नाही. मग कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून तो बाटलीतलं पाणी त्या झाडाला घालायला लागला.

मी पुढे झाले आणि सरळ त्याचा कप उचलून तोंडाला लावला.

कडक. कोरा. साखरेचा कण नाही.

"हा कोणासाठी?"

तो वळला. "माझा... माझाच आहे."

"तीन पुड्या कुठे गेल्या?"

"सोडल्या."

"कधी?"

तो कुंडीकडे बघायला लागला, जणू उत्तर त्या झाडाला पाठ होतं. "तू बुटावर चहा सांडलास ना... त्यानंतर लगेच."

"का पण?"

"अगं, तू एकटीच काकडी खात बसायचीस. समोर अख्खं टेबल केक खायचं. मी लांबून बघायचो. म्हटलं, त्या टेबलावर बसायची आपली हिंमत नाही, पण आपल्यापुरतं एवढं तरी करू. मग साखर सोडली. केक सोडला. बिस्किटंही. पहिले काही दिवस डोकं इतकं दुखलं की पाण्याऐवजी सूप वाढलं एका पाहुण्याला. ग्लासात."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी सगळा उलगडा झाला.

"म्हणजे... तू खोटं बोलत नव्हतास."

"नाही. मला खरंच गोड लागत होतं. गोडमिट्ट."

"म्हणजे तुझी जीभ पण..."

"फिकी," तो म्हणाला. आणि ते नाव पहिल्यांदाच मला चिडवण्यासारखं वाटलं नाही.

मी कप कट्ट्यावर आपटला. "अरे मूर्खा! आपल्या जोडीत एक तरी जीभ शाबूत हवी होती ना!"

"हे सुचलंच नाही मला."

"सुचलंच नाही म्हणे! सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? मी तुझ्यासाठी बिस्किटं सोडलीत, असं? तू हसली असतीस." त्याने रिकामी बाटली कट्ट्यावर ठेवली. "हवं तर आजपासून खातो. रोज केक खातो. तू म्हणशील तेवढ्या पुड्या. पण गरम किचनला जाऊ नकोस."

तो इतक्या कळवळून म्हणाला की माझा राग होता तिथे विरघळला. आणि एक गोष्ट मला लख्ख कळली. या मुलाच्या चहात मला साखर नको होती. अजिबात नको होती.

"काही खायचं नाही," मी म्हणाले. "तूही नाही आणि मीही नाही. 'आपण' म्हटलं त्याबद्दल माफ कर. दुसरा मार्ग शोधू या."

मार्ग त्यालाच सुचला. "जिभा नाहीत, पण ताटल्या आहेत की. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, माणूस काय बोलतो ते ऐकायचं आणि ताटली काय बोलते ते मानायचं. 'छान होतं हं' म्हणून अर्धं टाकून जाणारे किती बघितलेत मी."

शेफबाईंची परवानगी काढायला मीच गेले. त्यांनी बारीक डोळे आणखी बारीक केले. "माझ्या पद्धतीने जमत नाही, म्हणून तुझी पद्धत?" "हो बाई," मी म्हणाले. त्यांनी खांदे उडवले, म्हणजे परवानगी दिली.

दुपारच्या जेवणात शिक्षक आणि शिपाई मिळून सगळ्यांना माझ्या टार्टचे छोटे तुकडे मिळायला लागले. टाय वाढायचा आणि उष्ट्या ताटल्या थेट माझ्या ओट्यावर आणून मांडायचा. आम्ही दोघं त्यांवर वाकायचो. माझी टोपी त्याच्या कपाळाला लागायची, पण कोणीच मागे सरायचं नाही.

"हे बघ, कड खाल्ली आणि सारण टाकलं. फिकं होतं. ह्याने नुसतं चिवडलंय. ही बघ, ही जरा पुढे आली."

मी रोज थोडी साखर वाढवत गेले. चाखायचे, थुंकायचे, चूळ भरायचे. एके दिवशी सारण माझ्या जिभेला इतकं गोड लागलं की दातांतून कळ गेली. हे कोणी खाणार नाही, असं मी ठामपणे म्हणाले. टाय ताटल्या घेऊन आला, तर त्या चाटूनपुसून लख्ख.

"असं होय!" मी ओट्यावर हात आपटला. "माझी जीभ बिघडलेली नाही. ती फक्त आधी पोचते. जिथे ती 'बास' म्हणते, तिथून पुढे लोकांचं 'हवंय' सुरू होतं."

"पण किती पुढे? परीक्षेत कसं ओळखणार?"

तेच तर कोडं होतं. पुढे बरेच दिवस आम्ही तो नेमका ठिपका शोधत राहिलो. कधी कमी, कधी जास्त. आणि मग एका दुपारी तो म्हणाला, "सापडलं. पण सांगितलं तर मारशील."

"सांग."

"ज्या दिवशी ताटल्या रिकाम्या येतात ना, त्या दिवशी चाखताना तुझा डावा डोळा मिटतो. एकटाच. बाकी कधी नाही."

"काहीतरीच!"

"पैज लाव. साखर कमी असली तर दोन्ही डोळे उघडे. जास्त झाली तर दोन्ही मिटतात. बरोबर असली की फक्त डावा." मग तो टायची गाठ चाचपत म्हणाला, "आधी मला वाटायचं, तू मला डोळा मारतेस. बरेच दिवस मी त्याच आनंदात होतो."

"आणि तू काय, पूर्णवेळ माझ्या डोळ्यांकडेच बघत होतास?"

"सफरचंदांकडे बघायला तू होतीस ना."

सारण त्या दिवशीही खाली लागलं.

परीक्षेच्या दिवशी पेटी उघडली, तर आत हिरवीगार, आंबटढाण सफरचंदं. फोड जिभेवर ठेवली तरी कान लाल व्हावेत. आजूबाजूला सगळे भराभर चमचे चाटत होते. मी साखर घातली, ढवळलं, चाखलं. छान लागलं. जीभ म्हणाली, थांब. मी चूळ भरली आणि पुन्हा साखर घातली. जीभ म्हणाली, वेडी झालीस का? मी पुन्हा घातली. शेजारची मुलगी माझ्या साखरेच्या भांड्याकडे आ वासून बघत होती. इतके महिने जिला शत्रू मानलं, ती मी आज मुठीने ओतत होते आणि तिचा एक कणही गिळत नव्हते. दातांतून कळ गेली...

आणि डावा डोळा मिटला.

मी गॅस बंद केला. वर पाहिलं. वाढपाच्या खिडकीत टाय उभा होता. परीक्षेत बोलायला बंदी, त्यामुळे ओठ घट्ट मिटलेले. पण त्याचे कान लालबुंद झाले होते. एवढ्यावरून मला कळलं की त्यानेही पाहिलं.

टार्ट तयार झाले. नियमाप्रमाणे त्याने नेण्याआधी एक घास चाखला. त्याचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं, की दुसरी कोणी असती तर रडली असती. माझा मात्र जीव भांड्यात पडला.

तो तीन ताटल्या घेऊन गेला. गोल काचेतून बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ताटल्या परत येतील तेव्हाच काय ते कळेल. मी ओटा पुसला. पुसलेला ओटा परत पुसला.

दार उघडलं. पहिली ताटली रिकामी. दुसरीही रिकामी, काट्याने खरवडल्याच्या रेघा उमटलेल्या. तिसरी...

तिसरीत अर्धा टार्ट तसाच होता.

टायचा चेहरा उतरला होता. आम्ही दोघं सवयीने त्या ताटलीवर वाकलो. मी नीट पाहिलं आणि हळूहळू सरळ उभी राहिले. सारण चिवडलेलं नव्हतं. कड फोडलेली नव्हती. अर्धा टार्ट सुरीने सरळ रेषेत कापला होता, अर्धा खाल्ला होता आणि काटा उरलेल्या अर्ध्यापासून लांब, पालथा ठेवला होता.

न आवडलेलं माणूस असं कापत नाही. असं कोण कापतं, ते मला चांगलं माहीत होतं. होस्टेलच्या त्या सगळ्या वाढदिवसांना मीही असाच काटा पालथा घालून ठेवत आले होते.

"पथ्य आहे," मी टायच्या कानात पुटपुटले. "यांना सगळा खायचा होता रे."

थोड्या वेळाने शेफबाई आत आल्या. माझ्यासमोर थांबल्या. "तिसरे परीक्षक विचारत होते, उरलेला अर्धा उद्यासाठी बांधून मिळेल का." मग आपली उंच टोपी सारखी करत म्हणाल्या, "पेस्ट्रीतच राहायचं, पोरी. आणि ते थुंकणं चालू ठेव. नाक मुरडणाऱ्यांना माझ्याकडे पाठव."

मी तिथेच आईला फोन लावला. मागून बाबा विचारत होते, "पण तिने साखर खाल्ली नाही ना? आधी ते विचार!"

सगळे पांगले तेव्हा दोन सफरचंदं उरली होती. मी ती चिरली, लोण्यात परतली, दालचिनी टाकली आणि साखरेच्या डब्याला हात न लावता दोन वाट्या भरल्या. डायनिंग हॉल रिकामा होता. टाय टेबलांवरच्या चादरी काढत होता.

"बसा, साहेब," मी त्याच्याच नॅपकिनची घडी मनगटावर टाकत म्हणाले. "आज मी वाढते."

तो बसला. त्याने वास घेतला, डोळे मिटले, चमचा तोंडात घातला.

"कसं झालंय? खरं सांग. डायनिंगवाल्यासारखं नाही."

"गोड आहे."

"एक कण साखर नाही त्यात."

"माहितीये. पण आहे त्याला मी काय करू?"

मी समोर बसले आणि माझी वाटी खाल्ली. खरंच गोड होतं. सफरचंदाची स्वतःची, लपून बसलेली गोडी, जी वर्गात आम्हा दोघांखेरीज कोणालाच लागली नसती. त्याने वाटी पुसून काढली. मग चमच्याने पुन्हा खरवडली. मग रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवली.

"वाच," तो म्हणाला.

"वाचली."

"मग?"

"ताटली काय बोलते ते मी मानते. पण आज माणसाकडूनही ऐकायचंय."

रोज प्रत्येक पदार्थाचं इतकं सुरेख वर्णन करणारा तो मुलगा... त्याला एक शब्द सुचेना. टायची गाठ चाचपली. सैल केली. शेवटी सोडूनच टाकली. पहिल्यांदाच मी त्याचा मोकळा गळा पाहिला.

"मला... म्हणजे तू... तू जे करतेस ना, सगळं जग एकीकडे नि तू काकडी घेऊन दुसरीकडे..."

"हे गिऱ्हाइकाला काही कळणार नाही," मी म्हणाले. "मी सांगू? माझं तुझ्यावर प्रेम आहे. तू बिस्किटं सोडलीस म्हणून नाही. सोडलीस आणि सांगितलं नाहीस म्हणून. घरी बेकरी आहे, बाबांना उभं राहवत नाही. मी तिथे आठवड्यातला एक दिवस बिनसाखरेचं काहीतरी विकणार आहे आणि लोक हसणार आहेत. वाढायला माणूस लागेल."

मग टेबलावरून त्याचा हात आला. लोण्याचा, दालचिनीचा वास असलेला गरम हात. माझ्या पिठाळलेल्या बोटांवर तो ठेवून तो अगदी हळू म्हणाला, "मीही. त्या बुटावरच्या चहापासून. तुझ्यावरच."

माझा डावा डोळा आपोआप मिटला.

"आत्ता मात्र डोळा मारलास," तो म्हणाला.

"नाही रे," मी म्हणाले. "आत्ता बरोबर गोड झालं."